फॉरमॅट मारू का?

वायरीशिवाय इंटरनेट चालतं, ही बातमी २००६ साली आमच्या डोंबिवलीच्या घरात ह्यांनी आणली. बातमी सांगताना ते एका पायावर उभे होते, कारण दुसऱ्या पायाचा अंगठा नुकताच वायरीत अडकला होता. टेलिफोन हॉलमध्ये, संगणक मागच्या खोलीत, आणि दोघांच्या मधे सोफ्याखालून, देव्हाऱ्याशेजारून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून गेलेली लांबलचक निळी केबल. कामवाल्या मावशी फरशी पुसायच्या आधी ती उपटून ठेवत आणि पुसून झाल्यावर परत लावायचं विसरत. मग मी अर्धा दिवस इंटरनेट कंपनीच्या नावाने खडे फोडायचे.

मी घरबसल्या मुद्रितं तपासायची कामं करते. दिवाळी अंकांचा हंगाम तोंडावर आला होता. संपादक ई-मेलने लेख पाठवत आणि मग पाच मिनिटांनी 'मिळाला का?' म्हणून फोन करत. म्हणजे इंटरनेट हवंच होतं आणि वायर नको होती. आदल्याच वर्षी सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला होता. घरात वायफाय लावायला आता दिल्लीची परवानगी लागणार नव्हती. माझी लागणार होती, ती मी दिली.

वायफायवाला मोडेम आला. आता संगणकाच्या पोटात बसवायचं कार्ड हवं होतं. ते आणायला हे लॅमिंग्टन रोडला गेले. ह्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस संगणकाचे सुटे भाग घ्यायला आलेला नसतो. दुकानदाराला ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "आमच्या संगणकात चालेल ना?" संगणक कुठला, केव्हाचा, आत काय आहे, ह्यातलं काहीही न विचारता दुकानदार म्हणाला, "सब में चलता है, साब." एवढ्या खात्रीने आजवर आम्हाला डॉक्टरनेही काही सांगितलेलं नाही.

खोक्यातून निघालं ते हिरवं कार्ड तळहाताएवढं होतं. पाठीला काळी अँटेना, एक स्क्रू, एक सीडी आणि तेरा-चौदा भाषांतली माहितीपुस्तिका, ज्यांत मराठी नव्हती. कार्डाच्या चंदेरी पिशवीच्या तोंडावर एक पिवळाधमक स्टिकर होता. त्यावर लाल अक्षरांत सूचना होती: आधी सीडी टाका, कार्ड नंतर बसवा. तो स्टिकर पिशवी उघडण्याच्या आड येत होता, म्हणून ह्यांनी तो फाडला.

कॅबिनेट उघडायचं काम रविवारी जेवणं झाल्यावर काढलं. मी टॉर्च धरला होता. दरवर्षी खंडेनवमीला मी सीपीयूची पूजा करते. लेखणी-दौत आता कुणाकडे राहिली आहे? जे आपल्याला पोसतं त्याला हळदकुंकू वाहायचं. पण वरची जाळी ही जाळी असते हे कधी लक्षातच आलं नव्हतं. झाकण काढल्यावर आत पाचसहा दसऱ्यांच्या अक्षता निघाल्या. मदरबोर्डाच्या कडेने, पंख्याच्या खाली, झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांसकट. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "इतकी वर्षं चालला ना नीट? मग!"

कार्ड खटकन बसलं. संगणक सुरू केला. कोपऱ्यात फुगा आला की नवीन हार्डवेअर सापडलं आहे. मग आम्ही सीडी घातली. अर्ध्या वाटेवर विंडोजने एक खिडकी उघडून सांगितलं की ह्या ड्रायव्हरने आमची परीक्षा पास केलेली नाही, ह्याने संगणक अस्थिर होऊ शकतो, आम्ही जोरदार शिफारस करतो की इथेच थांबा. खाली 'कंटिन्यू एनीवे' असं बटण होतं. मी म्हटलं, "अहो, नको म्हणतंय ते." हे म्हणाले, "आमच्या ऑफिसात परीक्षा पास न झालेल्यांवरच सगळं चाललंय," आणि बटण दाबलं.

हिरव्या दांड्या आल्या. पाचच्या पाच. ह्यांनी त्या आनंदात निळी केबल गुंडाळली, खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन आले. वर येईपर्यंत संगणक बंद पडला होता.

बंद पडला म्हणजे कसा, ते सांगणं अवघड आहे. पडदा क्षणभर निळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत बरंच काही लिहून आलं आणि ते डोळ्यांत भरायच्या आत संगणक आपला आपण पुन्हा सुरू झाला. सुरू झाला, हिरव्या दांड्या आल्या, ई-मेल उतरायला लागली, परत निळा. इंटरनेटला हात लावला नाही तर तासभर निमूट चालायचा. लावला की गेला. शेवटी आम्ही इंटरनेट वापरत नसलो तरच आमचं इंटरनेट चालतं, अशी अवस्था आली.

पुण्याला शिकत असलेल्या मुलाला फोन केला.

"आई, एरर काय येतोय?"

"निळा."

"रंग नाही गं, कोड. खाली आकडे येतात ते वाच."

"अरे, वाचेपर्यंत जातात ते!"

"मग दोघं मिळून वाचा."

आम्ही तेही केलं. दोन खुर्च्या शेजारी मांडल्या. वरचा अर्धा पडदा माझा, खालचा ह्यांचा. मुद्रितशोधनात माझे केस पांढरे झालेत, उलटी ओळसुद्धा मी वाचू शकते, असा माझा तोरा होता. ह्यांनी मुद्दाम एक मोठी ई-मेल उघडली. आम्ही पापण्या न लवता बसलो. निळा आला, गेला. मला वाचता आलं ते फक्त 'प्रॉब्लेम'. ह्यांनी एक शून्य पाहिलं. मग मोबाइलवर फोटो काढायचं ठरलं. त्या काळचे मोबाइल-कॅमेरे बटण दाबल्यावर विचार करून फोटो काढत. आमच्याकडे अजून काही फोटो आहेत, त्यांत काळा पडदा आहे आणि त्यात फ्लॅशच्या उजेडात तोंडं उघडी ठेवून बसलेले आम्ही दोघं आहोत.

एव्हाना बातमी इमारतभर गेली होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर भेटायला येणारे नारळपाणी तरी आणतात. संगणक आजारी पडला की नुसतं निदान घेऊन येतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून टेस्टर काढला, भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातला आणि म्हणाले, "अर्थिंग." फ्रिज, टीव्ही, गुडघेदुखी, सगळ्याचं मूळ त्यांना अर्थिंगमध्ये दिसतं. माझा धाकटा भाऊ औषध कंपनीत आहे. तो म्हणाला, "ताई, हा व्हायरस. अर्धवट स्कॅन करू नकोस, पूर्ण कोर्स कर." नणंदेच्या यजमानांचं इन्व्हर्टरचं दुकान. त्यांनी कॅबिनेटवर कान ठेवला आणि एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, दमलाय असं सांगितलं; शिवाय दोन दुकानांतले इन्व्हर्टरचे भावही सांगितले. सोसायटीच्या चिटणीसांना मायक्रोवेव्हवर संशय होता. वायफाय आणि मायक्रोवेव्ह एकाच पट्ट्यात चालतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. अडचण एवढीच, की आमच्याकडे मायक्रोवेव्ह नव्हता. "मग शेजाऱ्यांचा असेल," ते म्हणाले. शेजाऱ्यांशी त्यांचं पार्किंगवरून वाकडं होतं.

सासूबाईंनी काही न बोलता मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. ह्या सगळ्यांत सर्वांत कमी वेळ घेतलेला आणि सर्वांत कमी खर्चाचा उपाय तोच होता.

"मला ह्यातलं कळत नाही" असं एकही माणूस म्हणाला नाही. मीसुद्धा नाही. वाणसामानाच्या दुकानात कुणीतरी मला तिच्या बंद पडलेल्या प्रिंटरबद्दल विचारलं, तेव्हा मी एक क्षणही न थांबता, "ड्रायव्हर बघ," असं सांगून मोकळी झाले. ड्रायव्हर कुठे असतो आणि बघायचा कसा, हे मला स्वतःला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

शेवटी हार्डवेअरवाल्या मुलाला बोलावलं. आमच्या भागातले सगळे संगणक तोच बघायचा. त्याच्या शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर आणि शाळकरी पोरांचं पांढरं खोडरबर. आल्या आल्या त्याने कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, फुंकर मारली आणि परत बसवली. हे त्याचं नमनाचं तेल. मग आत वाकून तो थबकला.

"काकू, आत तांदूळ कसे?"

"ते राहू दे. तू पुढचं बघ."

त्याने दोन मिनिटं पुढचं बघितलं. मग खुर्चीत मागे रेलून ज्याची मला भीती होती ते वाक्य म्हणाला, "फॉरमॅट मारू का?"

ह्या मुलाकडे माउस बिघडला म्हणून गेलात तरी तो फॉरमॅट मारतो. ब्रॉडबँड मंद आहे, फॉरमॅट. स्पीकरला खरखर आहे, फॉरमॅट. घर गळतं म्हणून सांगितलं असतं तर त्याने डोंबिवली रिकामी करून परत वसवली असती.

"सीमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" त्याने विचारलं.

"सगळं."

"आणि डीमध्ये?"

"डी म्हणजे?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझी दहावीची भूमितीची उत्तरपत्रिका आठवली. दोन दिवाळी अंक, पेजमेकरच्या फायली आणि श्रीलिपीचे फाँट हे सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्ये होतं. डी नावाची अख्खी रिकामी खोली आमच्या संगणकात आहे आणि आम्ही सगळे एका खोलीत दाटीवाटीने राहतोय, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला चहा दिला, पैसे दिले आणि संगणकापुढे हात पसरून उभी राहिले. तो गेला. जाताना जिन्यातून म्हणाला, "मारावं तर लागेलच."

मग वॉरंटी. दुकानदार फोनवर म्हणाला, "सीपीयू लेके आओ." नुसतं कार्ड नेऊन चालणार नव्हतं. ह्यांनी सीपीयू जुन्या चादरीत बांधला आणि आम्ही लगेजच्या डब्यात चढलो. ज्यांनी पायाशी पाटी, हातात कोयता आणि तोंडात शिवी घेऊन उभ्या असलेल्या कोळणींच्या मधून चादरीत गुंडाळलेला संगणक नेला आहे, त्यांना पुढे आयुष्यात कशाचीच भीती वाटत नाही. "पोर हाय का?" एकीने गाठोड्याकडे बघून विचारलं. हे म्हणाले, "पोरापेक्षा जड आहे." तिने आपली पाटी सरकवून जागा दिली. संगणकाचा सल्ला न देणारी त्या आठवड्यात भेटलेली तीच एक बाई. दादरचा पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून पायी. दुकानातल्या पोऱ्याने सीपीयू लावला, सुरू केला, हिरव्या दांड्या दाखवल्या, एक पान उघडून दाखवलं. संगणक असा शहाण्यासारखा चालत होता, जसा डॉक्टरसमोर नेल्यावर ताप उतरतो. "चल तो रहा है, साब," दुकानदार म्हणाला. आम्ही चादर बांधली.

घरी आल्यावर ई-मेल उघडली. निळा.

त्या रात्री ह्यांनी मला समजुतीचे चार शब्द सांगितले. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स भरल्या सभागृहात विंडोज ९८ दाखवत होते. त्यांच्या सहकाऱ्याने संगणकाला स्कॅनर जोडला, नवीन यंत्र आपोआप कसं ओळखलं जातं ते दाखवायला, आणि पडदा निळा झाला. सगळं सभागृह हसलं. "बघ," हे म्हणाले, "प्रत्यक्ष बिल गेट्सना सुटलं नाही." मी म्हटलं, "त्यांना दिवाळी अंक द्यायचा नव्हता."

मुलाने पुढच्या फोनवर शेवटी कामाची गोष्ट सांगितली. विंडोजमध्ये एक खूण असते. संगणक कोसळला की आपोआप पुन्हा सुरू कर, अशी ती आज्ञा. ती कारखान्यातूनच चालू येते. सेफ मोडमध्ये जायचं, माय कॉम्प्युटरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, मग सगळ्यांत खालचं सेटिंग्ज, आणि ती खूण काढून टाकायची. म्हणजे निळा पडदा थांबून राहतो. आम्ही काढली. आणि मग पहिल्यांदा तो पडदा आमच्यासमोर स्वस्थ उभा राहिला. मी चष्मा लावून सावकाश वाचला. मधे मोठ्या लिपीत 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', खाली शून्य, एक्स, शून्यांची माळ आणि शेवटी 'डी-वन', आणि सगळ्यांत खाली एका फाइलचं नाव. तीच फाइल, जी आमच्या कार्डाच्या सीडीवर होती. तो बिचारा रोज, दर वेळी, चोराचं नाव लिहून देत होता.

मुलगा म्हणाला, "आई, साधा प्रोग्रॅम म्हणजे हॉलमध्ये बसलेला पाहुणा. त्याने चहा सांडला तर फरशी पुसायची, संपलं. ड्रायव्हर म्हणजे मदत करतो म्हणत थेट स्वयंपाकघरात घुसलेला पाहुणा. त्याने तापत्या दुधात ताक ओतलं, तर आणखी नुकसान व्हायच्या आत तू काय करशील?"

"गॅस बंद करेन आणि सगळ्यांना बाहेर काढेन."

"विंडोज तेच करतं."

त्या दिवसापासून निळ्या पडद्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. सगळ्या घरात वेळेवर गॅस बंद करणारा तो एकटा निघाला.

उपाय होता नवा ड्रायव्हर. तो कार्डाच्या कंपनीने इंटरनेटवर ठेवला होता. इंटरनेट त्या कार्डातून येणार होतं. केबल भंगारवाल्याकडे गेली होती. ह्यांनी जाऊन चौकशी केली तेव्हा तिच्यावर दुसऱ्या एका घरातले कपडे वाळत होते. तेव्हा मुलगा शनिवारी पेन ड्राइव्हमध्ये ड्रायव्हर घेऊन पुण्याहून आला.

शनिवारी संध्याकाळी आमच्या मागच्या खोलीत सभा भरली. मुलाने जुना ड्रायव्हर काढला. कार्ड बाहेर काढताना त्याच्या शेजारच्या स्लॉटमध्ये आणखी एक कार्ड दिसलं. तो आमचा जुना डायल-अप मोडेम. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या घरी ते ह्याच मोडेममधून किंचाळत आलं होतं. काम संपल्यावरही त्याला कुणी निवृत्त केलं नव्हतं. मुलगा म्हणाला, दोन कार्डं कधीकधी संगणकाला हाक मारायची एकच घंटा वापरतात, त्यातून भांडणं होतात. मोडेम काढला. नवं कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. त्याआधी हार्डवेअरवाल्या मुलाने त्याचे दात खोडरबराने घासले. काकांनी सकाळीच अर्थिंगची वायर बदलून घेतली होती. भावाचा कोर्स पूर्ण झाला होता. मी चिमट्याने अक्षता वेचून काढल्या. ह्या वेळी आधी नवा ड्रायव्हर टाकला आणि मग संगणक बंद करून कार्ड दाबलं. मधे एकदा भारनियमनात वीज गेली, ती येईपर्यंत सगळ्यांनी पोहे खाल्ले. सासूबाईंनी परत मीठमोहऱ्या.

ई-मेल उघडली. अख्खा दिवाळी अंक उतरला. पडदा पांढराच राहिला.

"अर्थिंग," काका म्हणाले.

भाऊ म्हणाला कोर्स पूर्ण केला म्हणून. नणंदेच्या यजमानांनी फोनवरून सांगितलं की एसएमपीएसला विश्रांती मिळाली. हार्डवेअरवाला मुलगा खोडरबर खिशात ठेवत गालातल्या गालात हसत होता, आणि मला पक्कं ठाऊक आहे की तो आजही आमच्या इमारतीत सांगत असेल, की त्या काकूंचा संगणक मी फॉरमॅट न मारता दुरुस्त केला. सासूबाई देव्हाऱ्याकडे बघत होत्या. एकाच संध्याकाळी सगळे उपाय केल्यामुळे कुठला लागू पडला हे शोधायला आता काही मार्ग उरला नव्हता. तसा एक होता. जुना मोडेम परत बसवायचा, अक्षता परत टाकायच्या आणि एकेक करून बघायचं. मुलाने तो सुचवलाही. सगळ्यांनी त्याला गप्प केलं.

कार्डाच्या खोक्यावर वेग लिहिला होता ५४ मेगाबिट. आमचं ब्रॉडबँड होतं २५६ किलोबिटचं; सरकारच्या २००४ च्या धोरणात त्याहून कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नव्हतं, आणि आम्ही बरोबर त्या उंबरठ्यावर उभे होतो. म्हणजे कार्ड आमच्या इंटरनेटच्या दोनशेपट वेगाने धावायला तयार होतं. आणि इंटरनेट आपलं सावकाश मागून येत होतं.

तर वाचकहो, अजून कुणाकडे जुना संगणक असेल आणि त्यात असलं कार्ड बसवायचं असेल, तर आधी स्टिकर वाचा. कंपनीचा नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, वायर असेपर्यंत. आपोआप पुन्हा सुरू होण्याची ती खूण काढून टाका. बिनकामाची जुनी कार्डं काढा, नाहीतर नवं कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून बघा. सीमधल्या आपल्या सगळ्या फायली डीमध्ये ठेवा. दसऱ्याला हळदकुंकू बाजूने लावा, अक्षता वरून टाकू नका. आणि केबल भंगारात देऊ नका. इतकं करूनही निळा पडदा आलाच तर मला फोन करा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना कळायच्या आत करा.